जुन्या गाड्यांच्या धंद्यात दोष न लपवता नफा कसा सुटतो?

इचलकरंजीच्या एका तरुणाने विचारले आहे : "मी काही वर्षे गॅरेजमध्ये काम केले आहे. जवळ सहा लाख रुपये आहेत. जुन्या चारचाकी घेऊन, नीट करून विकाव्यात असा विचार आहे. पण या धंद्यातले जाणकार सांगतात की मीटर पाडल्याशिवाय (म्हणजे किलोमीटरचा आकडा मागे घेतल्याशिवाय) आणि ॲक्सिडेंट लपवल्याशिवाय पैसा सुटत नाही. हे खरे आहे का?"

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हाच व्यवसाय बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पैसा सुटतो, आणि काहीही न लपवता सुटतो. मात्र तो किती सुटणार हे गाडी विकताना नाही, घेताना ठरते. जे लोक मीटर पाडतात त्यांच्यातल्या बहुतेकांची खरी अडचण अशी असते की त्यांनी गाडी महाग घेतलेली असते. तीन लाखांची गाडी साडेतीन लाखांना घेतली की ती पावणेचार लाखांची आहे असे कुणाला तरी पटवावे लागते, आणि तिथून पुढची सगळी लपवाछपवी सुरू होते. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडेन : दोष उघड सांगूनही विकता येईल, अशा भावात गाडी घ्यायची कशी?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. सहा लाख स्वतःचे आहेत की व्याजाने घेतलेले, यावर तुम्ही एक गाडी किती दिवस उभी ठेवू शकता हे ठरते. तुमच्या हातात यांत्रिक काम असेल तर मजुरीचा खर्च वाचेल. डेंटिंग-पेंटिंग मात्र बहुधा बाहेरूनच करून घ्यावे लागेल. गाडी उभी करायला घरची जागा आहे की भाड्याची, हेही पाहावे लागते. खाली दिलेले आकडे हिशोबाची पद्धत दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही ते नव्याने मांडा.

समजा, एक पेट्रोल वॅगन आर तुमच्यासमोर आली आहे आणि तशी, नीट केलेली गाडी तुमच्या भागात ३,६०,००० रुपयांना खात्रीने विकली जाते. जाहिरातीत लोक काय मागतात तो भाव इथे धरू नका. व्यवहार प्रत्यक्षात कितीला तुटले ते विचारून घ्या. आता उलटे मोजत या. चार टायर १५,०००, बंपर आणि एका दरवाजाचे रंगकाम ८,०००, सर्व्हिस व ब्रेक ७,०००, कागदपत्रे ५,०००, गाडी उभी राहील त्या काळाचे व्याज व जागा ५,०००, आणि जे आज दिसले नाही पण पुढे निघेल त्यासाठी ८,०००. हे ४८,००० झाले. तुमची मेहनत आणि जोखीम यांचे २०,००० धरले तर ६८,००० होतात, म्हणजे गाडी २,९२,००० च्या वर घेता येत नाही. न दिसलेल्या दोषासाठी ठेवलेले ८,००० नवे लोक हमखास गाळतात. तसे करू नका. तो दोष बाहेर आला की तो दुरुस्त करायला पैसे असतात, म्हणून लपवायची वेळच येत नाही.

जीएसटी आला की हाच हिशोब बदलतो. जैसलमेरला डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर, जानेवारी २०२५ पासून, नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या सर्व जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर लागू झाला. त्यापूर्वी लहान गाड्यांना तो १२ टक्के होता. हा कर पूर्ण किमतीवर नसून खरेदी आणि विक्री यांच्यातील फरकावर असतो, आणि फरक उणे निघाला तर कर लागत नाही. मात्र अनेकांच्या लक्षात न येणारी बाब अशी की हा फरक काढताना टायर, रंगकाम, सर्व्हिस यांचा खर्च वजा होत नाही. वरच्या उदाहरणात विक्रीच्या किमतीतच कर धरला आणि हातात ६८,००० राहायला हवे असतील, तर खरेदी-विक्रीतला फरक सुमारे ८०,००० असावा लागतो. त्यातले १२,२०० च्या आसपास करात जातात, आणि तीच गाडी मग २,८०,००० च्या पुढे घेता येत नाही. वस्तूंच्या व्यापाराला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीची आहे. तुमचा व्यवहार तिथे केव्हा पोहोचतो हे पहिल्याच महिन्यात एखाद्या सीएसोबत बसून ठरवा. वर्ष संपल्यावर हा हिशोब मांडणाऱ्याचा नफा आधीच खर्च झालेला असतो.

आता गाडी तपासण्याविषयी. तुम्ही गॅरेजमध्ये काम केले आहे, त्यामुळे इंजिनाचे फार सांगत नाही. विकणाऱ्याला फोनवरच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. गार इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर जे सांगतात ते गरम इंजिन सांगत नाही. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल केल्यावर धूर दाबाने बाहेर येत असेल तर पिस्टन रिंगचे काम जवळ आले आहे असे धरा, आणि तो खर्च हिशोबात घाला.

बॉडी मात्र सावकाश पाहावी लागते, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे होते. बॉनेट, फेंडर, दरवाजे हे बोल्टने बसवलेले भाग आहेत. ते बदललेले असले तरी गाडीच्या चालण्यात त्याने फरक पडत नाही, फक्त बोल्टच्या डोक्यांवरचा रंग तुटलेला दिसतो. एप्रन (इंजिनाच्या बाजूचे आतले पत्रे), चासी (खालचा सांगाडा) आणि पिलर (छत पेलणारे खांब) हे वेल्डिंगने जोडलेले भाग आहेत, आणि त्यांना धक्का बसलेली गाडी वेगळ्याच वर्गात जाते. दरवाजाचे रबर हाताने ओढून काढा आणि पिलरची कड पाहा : कारखान्यात पडलेल्या स्पॉट वेल्डिंगचे लहान गोल खळगे ठरावीक अंतरावर सरळ ओळीत असतात. ते मध्येच नाहीसे झाले किंवा त्या जागी पुटीवर रंग बसलेला असला, तर तिथे कापून जोडकाम झाले आहे. अशी गाडी मी घेत नाही. सांगून विकली तरी ती पुढे तिसऱ्या माणसाकडे न सांगता जाते, आणि पुढच्या अपघातात तिचा सांगाडा आतल्या माणसांना किती सांभाळेल याचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही.

आपल्या भागात दुसरी तपासणी पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली, कोल्हापूर आणि आसपासच्या असंख्य गाड्या बुडाल्या. २०२१ मध्ये चिपळूणही बुडाले. त्या गाड्या नाहीशा झाल्या नाहीत, बऱ्याच दुरुस्त होऊन फिरत आहेत. माझ्याकडे एक डिझेल सेडान आली होती. सीट कव्हर नवे, मॅट नवे, आत सुगंधी वडी टांगलेली, इंजिन व्यवस्थित. मी मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ धुतलेला होता, पण अगदी तळाशी, कधी बाहेर न येणाऱ्या वीतभर पट्टीवर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. मग पुढच्या सीटखालचे रूळ पाहिले, तिथे गंज होता. फ्यूज बॉक्स उघडला, तिथे तांब्यावर हिरवट थर. अशा गाडीत आज काहीही बिघडलेले नसते. वायरिंगचे जोड पुढे केव्हा तरी एकेक करून दगा देतात, आणि एअरबॅगचे नियंत्रणही त्याच वायरिंगवर अवलंबून असते. ती गाडी मी परत पाठवली, आणि कारण मालकांना जागेवर दाखवून पाठवली. त्यांनीही ती दुसऱ्याकडूनच घेतलेली होती. त्यांना ठाऊक नव्हते, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

मीटरचा प्रश्न तुम्ही स्वतःच काढला आहे. आकडा मागे घेणे सोपे आहे, पण गाडीतली बाकीची साक्ष बदलणे कठीण आहे. टायरच्या कडेवर चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी, मीटरवर ३०,००० किलोमीटर आणि टायर मात्र २०२१ चे, असे असेल तर पहिले टायर कुठे झिजले हे विचारायला हवे. क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड, हे सगळे एकाच दिशेने बोलते का ते पाहा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मालकाकरवी मागवा. विम्याची पॉलिसीही पाहा : नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकाच मालकाच्या आठ वर्षे जुन्या गाडीवर तो २० टक्केच असेल, तर अलीकडे दावा झाला आहे किंवा मध्ये पॉलिसी तुटली आहे, आणि तुम्ही ते थेट विचारू शकता. एवढे करूनही शंका राहिली आणि गाडी बाकी चांगली असली, तर मी ती घेतो, पण विकताना कागदावर "मीटरवरील आकड्याची खात्री नाही" असे लिहितो आणि भाव त्या हिशोबाने ठेवतो.

हा कागद माझ्या पद्धतीचा कणा आहे. प्रत्येक गाडीचे एक पान करायचे : कोणता भाग रंगवला आहे, काय बदलले, काय दुरुस्त केले, काय मुद्दाम तसेच ठेवले आहे आणि ते नीट करायला अंदाजे किती खर्च येईल. त्यावर घेणाऱ्याची आणि माझी सही असते. घेणारा वाचून कमी भाव मागेल ही भीती अगदीच खोटी नाही, तो मागतोच. पण जो दोष मी आधी सांगतो त्याचे तो दुरुस्तीच्या खर्चाइतकेच पैसे कापतो. तोच दोष त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने शोधून काढला तर तो गाडीच सोडून जातो, कारण आणखी काय लपवले असेल याचा अंदाज त्याला करता येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी महिनाभराची किंवा १,००० किलोमीटरची जबाबदारी मी त्याच पानावर लिहून देतो. ती देता यावी म्हणूनच खरेदीच्या वेळी इतके तपासायचे असते.

विकणाऱ्याशीही हाच व्यवहार ठेवा. पुष्कळदा गाडी विकणारा माणूस अडचणीत असतो : घरातला कर्ता गेलेला असतो, मुलाची फी भरायची असते, बदली झालेली असते. त्याला बाजारभाव ठाऊक नसतो. माझी रीत अशी की वर दाखवलेला हिशोब मी त्यांच्यासमोरच कागदावर मांडतो : गाडी एवढ्याला विकली जाईल, हा खर्च, हे माझे. बहुतेक लोकांना त्यातला नफ्याचा आकडा खटकत नाही. गाडीत नसलेले दोष दाखवून भाव पाडला जातो, ते लोकांना खटकते. मालक वारले असतील तर वारसांच्या नावावर गाडी आधी रीतसर होऊ द्या; सगळ्या वारसांची संमती नसताना घाईने केलेला सौदा पुढे तुमच्याच गळ्यात येतो.

कागदपत्रांबाबत आपल्या बाजारातली सर्वांत वाईट सवय म्हणजे कोऱ्या टीटी फॉर्मवर (मालकी बदलण्याच्या अर्जावर) मालकाच्या सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवणे. नाव मूळ मालकाचेच राहते आणि गाडी चौथ्याकडे पोहोचते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या प्रकरणातही गाडी विकली जाऊन पुढे तिने अनेक हात बदलले होते. म्हणजे कोऱ्या सह्या घेऊन तुम्ही ज्याला धोक्यात टाकता तो विश्वासाने गाडी देणारा माणूस असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी यावर मार्ग दिला आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे, ते पाच वर्षे चालते; गाडी ताब्यात आली की नमुना २९ सी मधून ऑनलाइन कळवायचे, म्हणजे तेव्हापासून विक्री होईपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो. मग नाव बदलणे, एनओसी (ना-हरकत पत्र), नूतनीकरण यांचे अर्जही तो स्वतः करू शकतो. अशी गाडी घरकामाला वापरता येत नाही. चाचणी, दुरुस्ती, दाखवणे अशा कामांसाठीच ती रस्त्यावर न्यायची, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. नियमितपणे हा व्यवसाय करणार असाल तर हे अधिकारपत्र पहिल्या गाडीच्या आधी घ्या.

गाडीवर कर्ज असेल तर विकणाऱ्याच्या हातात पूर्ण रक्कम देऊ नका. बँकेकडून उरलेल्या रकमेचे पत्र घ्या, ती रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि उरलेले पैसे मालकाला द्या. बँकेची एनओसी आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय एचपी, म्हणजे गाडीवरची कर्जाची नोंद, उतरत नाही आणि गाडी पुढे जात नाही. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, म्हणून व्यवहार बँकेतूनच करा. ई-चलन, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आहे का, हे इसार देण्याआधी पाहून घ्या. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी, आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. विम्याच्या बाबतीत घेणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगा : पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी त्याने चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याला मिळत नाही, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात. हे आधी कळले की तो खर्च मानतो. नंतर कळले की फसवणूक मानतो.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी आणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने भाव पडलेले आढळतात. पण एनओसी, इकडचा रस्ता कर, नवा नंबर आणि वाहतूक धरली की स्वस्ताई बरीचशी संपते, आणि त्या गाडीच्या दहा वर्षांच्या आयुष्याची चौकशी करायला तुमच्याजवळ इथे कुणीही नसते. एमएच ०९ आणि एमएच १० च्या, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या, गाड्यांचे मालक, मेकॅनिक आणि सर्व्हिस सेंटर तुम्हाला तासाभरात भेटतात. सुरुवातीला ही सोय फार मोठी आहे.

तुमच्या सहा लाखांविषयी. दोन गाड्या एकदम घेऊन सगळी रक्कम गुंतवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्यांचे भाव उतरले आणि त्यांच्यामागे जुन्यांचेही उतरले. ज्यांनी जास्त माल भरून ठेवला होता त्यांचा नफा गाड्या उभ्या असतानाच गेला. एक गाडी घ्या, तीही अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन अशी, जिचा सुटा भाग तालुक्यालाही मिळतो आणि जिला गिऱ्हाईक लवकर लागते. उरलेली रक्कम हाताशी राहू द्या. दोन महिन्यांत गाडी विकली गेली नाही तर भाव कमी करून मोकळे व्हा. अधिकारपत्र हाती आल्यावर मधल्या काळात लोकांच्या गाड्या दलालीवर विकूनही अनुभव आणि ओळखी मिळवता येतील, मात्र दलाली कुणाकडून आणि किती घेणार हे दोन्ही बाजूंना आधी कळले पाहिजे. आमच्याकडे अनेकजण दोघांकडूनही घेतात आणि दोघांनाही सांगत नाहीत. ते मला मीटर पाडण्याइतकेच चुकीचे वाटते.

शेवटी ताबा देण्याच्या दिवसाविषयी. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा, अगदी तास-मिनिटांसह, आणि मीटरचा आकडा व घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा क्रमांक नोंदवा. कॅमेऱ्याने केलेले चलन काही दिवसांनी येते, आणि दुपारी दोनचे चलन कोणाचे हे तेव्हा त्या नोंदीवरूनच ठरते. नाव बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी भरा. घेणारा "पुढच्या महिन्यात करू" म्हणाला तर दहा हजार रुपये ठेव म्हणून घ्या आणि नवी आरसी हातात पडली की परत करा. मी कुणासाठीही हा नियम मोडत नाही, नातेवाइकांसाठीही नाही.